पार्सल येतंय, पण जातंय काय?

आमच्या धाराशिवात (जुन्या लोकांनी उस्मानाबाद वाचावे, राग नाही) लोक ऑनलाइन काय मागवतात, ह्याचं उत्तर कुठल्या अहवालात शोधायची गरज नाही. पार्सल वाटणाऱ्या पोराला एक कप चहा पाजावा. आमच्या गल्लीत येणारा पोरगा मोठा बोलका आहे. त्याच्या म्हणण्याप्रमाणे मोबाइलची कव्हरं, कुर्त्या, स्वस्तातल्या साड्या आणि कानात घालायच्या वायरी हा रोजचा रतीब. मग स्पर्धा परीक्षेची पुस्तकं. पोलीस भरती जाहीर झाली की बूट. पावसाळ्याच्या तोंडावर बॅटरीवर चालणारे फवारणी पंप आणि त्यांचे सुटे भाग. आणि वर्षभर, अगदी वर्षभर, मिक्सरची भांडी.

मिक्सरच्या भांड्यांचं कोडं मला बरेच दिवस सुटलं नव्हतं. मग कळलं की मिक्सर नवा मिळतो, पण दहा वर्षं जुन्या मॉडेलचं भांडं इथे कोणी ठेवत नाही. का ठेवावं? वर्षात दोन गिऱ्हाइकं. अकरा नंबरचा बूट ठेवून दुकानदाराने काय पुजायचा? त्यामुळे गावातल्या बाजारात जे मिळतच नव्हतं ते लोकांनी आधी मागवलं, आणि ह्यात मला तरी काही वावगं दिसत नाही.

आणखी एक गोष्ट आहे जी पुरुषमंडळींच्या सहसा लक्षात येत नाही. आमच्या भाचीने मला एकदा सरळ सांगितलं, "मामा, तुमच्या बाजारात आतले कपडे विकायला सगळे पुरुष बसलेत, आणि त्यातले निम्मे आमच्या पप्पांचे दोस्त." आता बोला! छोट्या गावात दुकानदार ओळखीचा असणं ही सोय असते तशी अडचणही असते. तपकिरी खोक्यातून येणाऱ्या पार्सलला कोणी नाव-गाव विचारत नाही. "स्थानिक दुकानदारांकडूनच खरेदी करा" असे निरोप दिवाळीच्या आधी फिरत असतात. ते लिहिणाऱ्यांनी आधी आपल्या घरातल्या मुलींशी बोलावं, असं मला वाटतं.

तर माझा मुद्दा मागवण्याबद्दलचा नाहीच. पार्सलांची गाडी सोलापूरकडून भरून येते आणि रिकामी परत जाते, हा माझा मुद्दा आहे. (अगदी रिकामी नाही. परत केलेल्या कुर्त्या असतात.)

*

आधी थोडं मागे जाऊ या. आपल्याला वाटतं की घरी माल आल्यावर पैसे देणं हे ह्या नव्या कंपन्यांनी शोधून काढलं. फ्लिपकार्टने ही सोय सुरू केली २०१० साली. पण आपल्या टपालखात्याची व्ही.पी. १८७७ पासूनची! माझ्या पिढीतल्या मराठवाड्यातल्या कुठल्याही वाचणाऱ्या माणसाला विचारा. पुण्या-मुंबईच्या प्रकाशकाला पोस्टकार्ड टाकायचं, पंधरा दिवसांनी पोस्टमन पुडकं घेऊन दारात. पैसे मोजून द्यायचे, मग पुडकं फोडायचं. आमच्या घरी वडिलांनी पुस्तकं अशीच आणली आणि आईने एक शिलाईयंत्राचा भागही. कधीकधी पुडक्यात भलतंच निघायचं, तेव्हा वडील जे पत्र लिहायचे त्याची भाषा आजच्या 'एक तारा' देणाऱ्या लोकांनी शिकण्यासारखी होती. असो.

फ्लिपकार्टचं पहिलं पुस्तक २००७ साली विकलं गेलं ते बंगळूर-मुंबईला नव्हे, महबूबनगरच्या एका गिऱ्हाइकाला. हे मला फार आवडतं, कारण महबूबनगर म्हणजे आपल्यासारखाच निजामाच्या राज्यातला एक मागे राहिलेला जिल्हा. गरज कुठे जास्त होती ते पहिल्याच दिवशी दिसलं होतं म्हणायचं. पुढे २०१३ ला अ‍ॅमेझॉन भारतात आली, २०१५ ला मीशो निघाली, २०१६ ला जिओचं स्वस्त इंटरनेट आणि यूपीआय दोन्ही एकाच वर्षी आले. त्यानंतर आमच्या वाशी-परंड्याकडची माणसंही ह्या बाजारात उतरली.

माझा एक वर्गमित्र नायजेरियात लेगॉसला काही वर्षं होता. तिथली जुमिया ही कंपनी २०१२ साली सुरू झाली. तो सांगायचा की तिथेही लोक आधी माल बघणार, मग नोटा काढणार. पत्ताही आपल्यासारखाच, अमक्या चौकाच्या पुढे, तमक्या पंपाच्या मागे, आणि तिथून मोटारसायकलवाल्याचे चार फोन. कपडे, मोबाइल, केसांचे टोप, सौंदर्यप्रसाधनं ही खरेदी. आणि छोटे विक्रेते बऱ्याचदा मोठ्या कंपनीच्या नादी न लागता इन्स्टाग्रामवर फोटो टाकून व्हॉट्सअ‍ॅपवर सौदा करतात. मला हे ऐकून गंमत वाटली होती. लेगॉस कुठे, लोहारा कुठे! पण अनोळखी माणसाला पैसे आधी कसे द्यायचे, हा प्रश्न दोन्हीकडे तोच. जो विक्रेता ह्या प्रश्नाचं उत्तर देतो त्याचा माल जातो.

पत्त्यावरून आठवलं. आपल्या कळंबचं पार्सल यवतमाळच्या कळंबला फिरून आल्याचे किस्से तुमच्यापैकी बऱ्याच जणांकडे असतील. त्यात २०२३ मध्ये जिल्ह्याचं नाव बदललं. आता कुठल्या अर्जात उस्मानाबाद असतं, कुठे धाराशिव, कुठे दोन्ही. विकणाऱ्याने पार्सलवर पिनकोड आणि फोन नंबर ठळक लिहावा, बाकी नावांचं काय ते इतिहासकार बघतील.

*

आता दुकानदारांकडे येतो. माझ्या चुलतभावाचं कापडाचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. त्याने मला एकदा एका वाक्यात सगळं अर्थशास्त्र सांगितलं होतं: "दादा, रोखीचं गिऱ्हाईक मोबाइलमदी गेलं आन उधारीचं माझ्याकडं राह्यलं."

ह्यावर मी बराच विचार केला. आमच्याकडचा सगळा बाजार सोयाबीनवर चालतो. सोयाबीन निघालं, विकलं, की उधारी फिटते. दसरा-दिवाळीला पैसा खेळतो आणि उन्हाळ्यात आटतो. लग्नाचा बस्ता, शाळेचे गणवेश, खत, बी, हे सगळं वहीवर. ही वही कुठलीही कंपनी ठेवत नाही. ज्याच्याकडे आज तीनशे रुपये आहेत तो ते मोबाइलवर खर्च करतो आणि तीन हजारांची गरज पडली की चुलतभावाकडे येतो. पूर्वी रोखीच्या नफ्यावर उधारीचं ओझं पेललं जायचं. आता फक्त ओझं राहिलं. ज्या साली पाऊस दगा देतो त्या साली ह्याच्या वहीत काय होतं ते मी पाहिलंय. त्याच्याबद्दल इथे जास्त लिहिणार नाही, तो हे वाचतो.

मग त्याच्या मुलाने, म्हणजे माझ्या पुतण्याने, ठरवलं की आपणही ऑनलाइन विकू. एका मोठ्या कंपनीवर (नाव नको) कुर्त्या टाकल्या. माल कुठला? सुरतेचा. तोच माल सुरतेचा व्यापारी त्याच पानावर ह्याच्यापेक्षा चाळीस रुपये कमी भावात विकतोय. गाडीभाडं देऊन माल धाराशिवला आणायचा आणि परत गाडीभाडं देऊन पुण्याला पाठवायचा, तर स्वस्त कसा पडणार? शिवाय परतीचा माल. "घरी आल्यावर पैसे" म्हटलं की माणूस तीन कुर्त्या मागवतो, एक ठेवतो. किंवा पार्सल येतं तेव्हा शेतात असतो. माल परत येतो तो चुरगळून, कधी वापरून. चार महिन्यांत पोराने दुकान बंद केलं, म्हणजे ऑनलाइनचं. मला ते शहाणपणाचंच वाटलं. जो माल आपला नाही आणि जिथे भावाशिवाय दुसरं काही बोलत नाही, तिथे छोट्या माणसाने उतरायचं कशाला?

*

मग आपलं काय आहे? इथे मला तेरची आठवण येते. तेरला तुम्ही गेला असाल, गोरोबाकाकांच्या समाधीला तरी. तेच जुनं तगर. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी एका ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या अनाम दर्यावर्द्याने 'पेरिप्लस' नावाची जी व्यापाऱ्यांची माहितीपुस्तिका लिहिली, तिच्यात आपल्या तगरचं नाव आहे. पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर असलेलं मोठं शहर, तिथून साधं कापड आणि मलमल गाड्यांवर लादून, रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचला जाते, असं त्याने नोंदवलंय. भडोचहून पुढे जहाजाने रोमकडे. तेरच्या लामतुरे संग्रहालयात हस्तिदंताची एक छोटी स्त्रीमूर्ती आहे, तिची जवळची बहीण इटलीत पाँपेईच्या राखेत सापडली. म्हणजे पार्सल पोचत होतं!

पण गंमत बघा, त्या पुस्तिकेत गावाचं नाव आहे, मालाचं आहे, बंदराचं आहे. विणणाऱ्याचं नाही. भडोचचा व्यापारी काय भाव घेतो हे तगरच्या विणकराला कळत असेल का? मला शंका आहे.

आता दोन हजार वर्षं पुढे, कुंथलगिरीला या. भूम तालुक्यातलं जैन सिद्धक्षेत्र, आणि भोवतालच्या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात खव्याच्या भट्ट्या. दूध आहे, पण ते मोठ्या शहरात ताजं पोचवणं अवघड, म्हणून आटवायचं. चार-पाच लिटर दुधाचा एक किलो खवा. हा खवा पुण्या-हैदराबादेला जातो, तिथे त्याची मिठाई होते, आणि मिठाईवर नाव मिठाईवाल्याचं. २०२४ साली कुंथलगिरी खव्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आम्ही सगळ्यांनी एकमेकांना अभिनंदनाचे निरोप पाठवले. मीही पाठवला. पण मानांकन मिळाल्याने भट्टीवाल्याच्या खिशात आपोआप काही पडत नाही. ते नाव वापरायचं तर त्याला स्वतः अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते. किती भट्टीवाल्यांना हे कोणी समजावून सांगितलं? सोलापूर–संभाजीनगर रस्त्यावर कुंथलगिरी पेढ्याच्या पाट्या मोजायला बसलात तर बोटं पुरणार नाहीत. प्रत्येक पाटीमागचा खवा कुठला, हे ज्याचं त्याला माहीत.

खवा पार्सलने पाठवता येत नाही, हे मान्य. उन्हाळ्यात तर दोन दिवसांत विषय संपतो. पण पेढा जातो, नीट भाजलेला असेल तर. आणि बाकीचंही बरंच जातं. शेंगांची चटणी, ज्वारीचं पीठ, तुरीची डाळ, कुरडया, बाजरीच्या खारोड्या, काळा मसाला. तुळजापूरची कवड्यांची माळ. मी परवा सहज ती माळ जालावर शोधली, तर विकणाऱ्याचा पत्ता दुसऱ्याच राज्यातला निघाला. आई भवानीला काय वाटलं असेल! (ह. घ्या.)

*

आता खरा हिशेब. आमच्या वहिनी शेंगांची चटणी करतात, उखळात कुटलेली. (तुम्हा नातेवाईकांना सांगायला नकोच, त्याबद्दल खाली बोलतो.) पाव किलोच्या पुड्याला दाणे, लसूण, तिखट, मीठ मिळून पंचावन्न रुपये, पिशवी आणि चिठ्ठी आठ. म्हणजे त्रेसष्ट. त्यात त्यांच्या हाताची मजुरी धरलेली नाही. मोठ्या कंपनीवर एकशे एकोणपन्नासला लावला तर दलाली, पोचवणं वगैरे सत्तरेक रुपये कापून एकोणऐंशी हाती येतात. उरले सोळा. दहा पुडे पाठवले आणि दोन परत आले, तर आठांवर मिळाले एकशे अठ्ठावीस, आणि दोन पुड्यांचे त्रेसष्टप्रमाणे एकशे सव्वीस बुडाले, कारण परत आलेली चटणी कोण पुन्हा विकणार? दहा पुड्यांची कमाई दोन रुपये! परतीचं भाडं धरलं तर तेही गेले.

तेच, वहिनींनी ओळखीच्या ओळखीतून एकशेवीसला पुडा दिला आणि चार पुड्यांचं एकच पार्सल केलं, कुरियरचे ऐंशी रुपये घेणाऱ्याने दिले, पैसे आधी यूपीआयने आले, तर एका पार्सलमागे दोनशे अठ्ठावीस रुपये उरतात. पुणेकराला पुडा एकशेचाळीसला पडला, म्हणजे कंपनीपेक्षा स्वस्तच. हा आमच्या घरचा हिशेब आहे, शास्त्र नव्हे. पण माझं मत त्यावरूनच झालंय. छोट्याने एक-एक पुडा अनोळखी जगाला विकायला जाऊ नये. किलो-किलोने ओळखीच्या जगाला विकावा. आणि आपलं ओळखीचं जग लहान नाही हो! पुण्यात हडपसर ते पिंपरी-चिंचवड, आपल्या जिल्ह्याचा माणूस कुठे नाही? १९७२ च्या दुष्काळापासून आपण तिकडे चाललोच आहोत.

फक्त ह्या ओळखीच्या जगातही शिस्त लागते. पिशवीवर तारीख, वजन, घटक, पत्ता. खाद्यपदार्थ आहे तर एफएसएसएआयची नोंदणी. ती छोट्यांसाठी सोपी आहे, ऑनलाइन होते आणि फी किरकोळ आहे. आज सांगितलं तर उद्या पाठवू असं खोटं सांगू नये, आठ दिवस लागतात तर आठ म्हणावं. फोटो स्वतःच्या चटणीचा टाकावा, उचललेला नको. आणि पार्सल फुटलं तर वाद न घालता दुसरं पाठवावं. वडिलांची ती व्ही.पी.ची पत्रं मला ह्यासाठीच आठवतात. ज्या प्रकाशकाने एकदा बदलून पुस्तक पाठवलं, त्याच्याकडे ते पुढे आयुष्यभर गेले.

कायद्याबद्दल एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. पूर्वी कंपनीच्या पानावर विकायचं म्हटलं की उलाढाल कितीही लहान असो, जीएसटीची नोंदणी सक्तीची होती. १ ऑक्टोबर २०२३ पासून उलाढालीच्या मर्यादेतल्या छोट्यांना ह्यातून सूट मिळाली, नुसता नावनोंदणी क्रमांक पुरतो. पण राज्यातल्या राज्यात. आता आमच्या उमरग्याचं बघा. बसवकल्याण हाकेच्या अंतरावर, नातीगोती, सोयरीक तिकडे, कलबुर्गीही पुण्यापेक्षा कितीतरी जवळ. पण मध्ये कर्नाटकाची हद्द! म्हणजे उमरग्याच्या बाईने तीनशे किलोमीटरवरच्या पुण्याला चटणी विकावी, आणि शेजारच्या गावाला विकायची तर आधी नोंदणीच्या भानगडीत पडावं. हद्दीवरच्या जिल्ह्यांना ही सूट अर्धीच मिळाली, असं माझं स्पष्ट मत आहे आणि कोणी तरी हे वर पोचवायला हवं.

बायकांच्या गटांबद्दलही दोन शब्द. १९९३ च्या भूकंपानंतर लोहारा-उमरगा पट्ट्यात बायकांनी घरं उभी करण्यात जो भाग घेतला, त्यातून इकडे बचतगटांची मुळं खोल गेली. त्यातूनच वाढलेल्या 'स्वयम् शिक्षण प्रयोग' ह्या संस्थेला २०१६ ला संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कारही मिळाला. म्हणजे माल करणाऱ्या, हिशेब ठेवणाऱ्या, मीटिंगमध्ये बोलणाऱ्या बायका इथे तयार आहेत. पण सरकारी पातळीवर त्यांच्यासाठी काय होतं? प्रदर्शन. तीन दिवसांचा मांडव, उद्घाटन, फोटो. चौथ्या दिवशी ज्याला पापड आवडले त्याने परत मागवायचे कुठून? मी अशा एका प्रदर्शनात दहा गाळ्यांवर फोन नंबरची चिठ्ठी मागितली, दोघींकडे निघाली. माझ्या मते मांडवाच्या खर्चात त्या सगळ्यांच्या मालाचे चांगले फोटो आणि वर्षभराच्या चिठ्ठ्या छापून झाल्या असत्या. ज्यांना हे पटत नसेल त्यांनी प्रतिक्रियेत भांडावं, स्वागत आहे.

*

आता राहिले नातेवाईक. ब्लॉग वाचता म्हणून इथेच सांगतो, तोंडावर सांगायला मला जड जातं.

वहिनींची चटणी गेल्या दिवाळीत किती गेली ह्याची वही मी लिहिली आहे. जे अनोळखी होते त्यांनी सगळ्यांनी पैसे आधी पाठवले. आपल्यातले सातजण "अगं घरचंच तर आहे" म्हणून दोन-दोन किलो घेऊन गेले, आणि त्यातल्या तिघांनी वर आपापल्या ऑफिसातल्यांसाठीही नेली. वहिनी काही बोलल्या नाहीत, त्या बोलणारही नाहीत. पण दोन किलो चटणीला खलबत्त्यापुढे किती वेळ बसावं लागतं हे एकदा येऊन बघा. तुम्ही परदेशातल्या बटाट्याच्या वेफर्सना मुकाट्याने पैसे मोजता ना?

ह्या वर्षी घटस्थापनेला यादी उघडतील. किमान एक किलो. किलोचे चारशे ऐंशी, कुरियर वेगळं. पैसे आल्यावरच नाव चढेल, आणि यादी मी ठेवणार आहे, वहिनी नव्हेत. मोठ्या काकांना सवलत आहे, कारण दाणे त्यांच्याच शेतातले असतात. बाकी कोणालाही नाही, मलाही नाही.